सात नावे, पाच वाटे : ‘अपोर्शन’ या क्रियापदाचे एक प्रकरण

इंग्रजी ‘अपोर्शन’, म्हणजे कोणाचा वाटा किती हे ठरवणे. त्याचे भाषांतर ढिसाळ झाले की काय होते, ते इथे पाहू. हे प्रकरण नमुन्याचे आहे. कुटुंब, जमीन आणि रकमा हिशेब सोपा पडावा म्हणून बांधल्या आहेत. कलमे आणि क्रियापदे मात्र खरी आहेत, आणि चूकही भूसंपादनाच्या कागदांत सहज होण्यासारखी आहे.

रस्त्यासाठी एका शेतकऱ्याच्या जमिनीचा तुकडा संपादित झाला. जमीन वडिलांनी स्वतः खरेदीखताने घेतलेली, म्हणजे स्वकष्टार्जित. वडील मृत्युपत्र न करता वारले. मागे पत्नी, थोरला मुलगा, धाकटा मुलगा आणि लग्न झालेली मुलगी. मधला मुलगा वडिलांच्या दोन वर्षे आधीच गेला होता. त्याची पत्नी, मुलगा आणि मुलगी हे तिघे आहेत. वारस नोंदीचा फेरफार होऊन सातबाऱ्यावर सात नावे लागली. नावांपुढे वेगळे क्षेत्र नाही, खाली ‘सामाईक क्षेत्र’ एवढेच.

निवाड्यात, म्हणजे भरपाई ठरवणाऱ्या आदेशात, दोन रकमा होत्या. जमिनीची किंमत २१,००,००० रुपये, त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम (जमीन सक्तीने घेतल्याबद्दलची जादा रक्कम), मिळून ४२,००,०००. आंब्याची झाडे आणि पाइपलाइन यांची किंमत १,७५,०००, त्यावरही तेवढाच दिलासा, मिळून ३,५०,०००. एकूण ४५,५०,००० रुपये. झाडे आणि पाइपलाइन धाकट्याने स्वतःच्या पैशाने केली होती आणि ते घरात सगळ्यांना मान्य होते.

आदेशाचे मूळ वाक्य इंग्रजीत होते. देवनागरीत लिहायचे तर असे :

‘द कॉम्पेन्सेशन शॅल बी अपोर्शन्ड अमंग द पर्सन्स इंटरेस्टेड अकॉर्डिंग टु देअर रिस्पेक्टिव्ह इंटरेस्ट्स.’

सोबत जोडलेले मराठी भाषांतर असे :

‘नुकसानभरपाईची रक्कम संबंधित इच्छुक व्यक्तींमध्ये वाटून देण्यात यावी.’

वाटपाचा तक्ता करणाऱ्या लिपिकाने मराठी वाक्य वाचले, सातबारा उघडला, नावे मोजली. ४५,५०,००० भागिले ७, प्रत्येकी ६,५०,०००. तक्त्यात सात ओळी, सात बँक खाती. बेरीज चोख जुळली, म्हणून कोणाला शंका आली नाही. तक्ता चुकीचा होता.

वाक्यात काय हरवले

आधी क्रियापद. ‘वाटणे’ हे मराठीत फार मोठ्या पोटाचे क्रियापद आहे. पेढे वाटतात, पत्रके वाटतात, कामे वाटून घेतात, भाऊ जमीन वाटून घेतात. कोणाला किती हे ठरवणे आणि ते प्रत्यक्ष हातात देणे, ही दोन्ही कामे एकाच शब्दात होतात. त्यातून ‘वाटून देण्यात यावी’ म्हटले की ‘देण्यात’वर जोर जातो आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे धनादेश वाटपाचा कार्यक्रम उभा राहतो. आधार सांगितलेला नसेल तर सारखे वाटायचे, हे आपण गृहीत धरतो. पंगतीत वाढणारा प्रत्येक पानावर सारखेच वाढतो.

‘अपोर्शन’ यात पैसे हातात देणे नाही. एक ठरावीक रक्कम, जबाबदारी किंवा दोष समोर आहे. त्यात कोणाचा वाटा किती, हे एखाद्या आधारावर निश्चित करायचे, एवढाच त्याचा अर्थ. पैसे देणे ही त्यानंतरची पायरी आणि तिला इंग्रजीत ‘पे’ किंवा ‘डिस्बर्स’ असे वेगळे क्रियापद आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातही हे टप्पे वेगवेगळ्या कलमांत आहेत. विभागणीचा तपशील निवाड्यात नमूद करणे हे कलम ७५, विभागणीबद्दल वाद असल्यास तो प्राधिकरणाकडे (भूसंपादनाचे वाद ऐकणाऱ्या संस्थेकडे) पाठवणे हे ७६, आणि रक्कम देणे किंवा प्राधिकरणात जमा करणे हे ७७. भाषांतरात ७५ आणि ७७ एकाच शब्दात कोंबले गेले.

या क्रियापदाला चार गोष्टी लागतात : काय विभागायचे, कोणामध्ये, कशाच्या आधारावर आणि ठरवणार कोण. चौथी बहुधा अध्याहृत असते. तिसरी इंग्रजी वाक्यात ‘अकॉर्डिंग टु’, ‘इन प्रपोर्शन टु’, ‘ऑन द बेसिस ऑफ’ अशा शब्दांनी येते, किंवा मागच्यापुढच्या मजकुरात असते. भाषांतरात ती गळली तर क्रियापदाचा कणाच गेला. वरच्या मराठी वाक्यात नेमके तेच झाले.

आता ‘रिस्पेक्टिव्ह’. सरकारी मराठीत याला डोळे मिटून ‘संबंधित’ लिहितात. ‘संबंधित’ने फक्त ‘ज्यांचा या गोष्टीशी संबंध आहे ते’ एवढे कळते. ‘रिस्पेक्टिव्ह’ सांगतो की प्रत्येकाचे वेगळे आहे आणि ज्याचे त्याला लावायचे आहे. यासाठी मराठीत ‘ज्याचा त्याचा’, ‘आपापला’ हे रोजचे, बिनचूक शब्द आहेत. ते घरगुती वाटतात म्हणून कागदावर येत नाहीत. पण या वाक्यात पाच आणि सात यांतला सगळा फरक त्या एका ‘ज्याच्या त्याच्या’त होता.

‘इंटरेस्ट’ने तर दोनदा दगा दिला. ‘पर्सन्स इंटरेस्टेड’ म्हणजे त्या जमिनीत किंवा भरपाईत ज्यांचा हक्क-हितसंबंध आहे अशा व्यक्ती. ‘इच्छुक’ म्हटल्यावर त्या निविदा भरायला आलेल्या वाटतात. पुढचे ‘इंटरेस्ट्स’, म्हणजे प्रत्येकाचा हक्क, भाषांतरातून पुरते गळाले. ते गळण्याचे कारणही समजण्यासारखे आहे. भूसंपादनाच्या कागदात ‘इंटरेस्ट’ व्याज म्हणूनही येतो. याच कायद्याच्या कलम ८० मध्ये उशिरा दिलेल्या भरपाईवर पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढे १५ टक्के व्याज सांगितले आहे. एकाच कागदावर एकच शब्द दोन अर्थांनी भेटला की भाषांतरकार अडखळतो, आणि अडखळलेला शब्द गुपचूप सोडून देण्याची सवय वाईट.

पाच कुठून आले

‘ज्याच्या त्याच्या हक्काच्या प्रमाणात’ असे वाक्य असते तर लिपिकाला पुढचा प्रश्न विचारावाच लागला असता : हक्क किती? त्याचे उत्तर सातबाऱ्यात नाही. सातबारा महसुली नोंद आहे. नाव लागले म्हणून हिस्सा ठरत नाही. जुन्या उताऱ्यांत नावापुढे आणे-पैत हिस्सा लिहिलेला सापडतो. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे पूर्ण जमीन १९२ पै. ‘चार आणे हिस्सा’ म्हटले की पाव, आणि हिशेब उताऱ्यावरच दिसायचा. ‘अपोर्शन’ला जो तपशील हवा असतो तोच त्या आणे-पैत असायचा. ‘सामाईक क्षेत्र’ या नोंदीत तो नाही.

उत्तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १० मध्ये आहे. मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाची मालमत्ता पहिल्या वर्गाच्या, म्हणजे सर्वांत आधी हक्क मिळणाऱ्या, वारसांमध्ये ‘डिव्हाइड’ कशी व्हावी याचे चार नियम तिथे आहेत. विधवेला एक हिस्सा. हयात मुलगे, मुली आणि आई यांना प्रत्येकी एक. आधी वारलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या शाखेतील वारसांना मिळून एक. आणि मुलाच्या शाखेत त्याची विधवा, मुलगे, मुली यांना त्या एका हिश्श्यात सारखे भाग.

तिसऱ्या नियमाचे इंग्रजी शब्द असे : ‘शॅल टेक बिट्वीन देम वन शेअर’. दोघांत ‘बिट्वीन’ आणि जास्त असतील तर ‘अमंग’, असे शाळेत घोकलेले असते. इथे शाखेत कितीही माणसे असोत, कायदा ‘बिट्वीन देम’च म्हणतो. ‘बिट्वीन देम’ हा ठरलेला प्रयोग आहे आणि त्याचा अर्थ ‘त्या सगळ्यांना मिळून’. मराठी ‘मिळून’ आणि ‘आपसांत’ हे दोन शब्द त्याला पुरेपूर पडतात. ‘त्यांच्यामध्ये एक हिस्सा घेतील’ असे शब्दाला शब्द लावले तर अर्थ अधांतरी राहतो.

आपल्या नमुन्याच्या कुटुंबाला नियम लावला तर आई एक, थोरला एक, धाकटा एक, मुलगी एक, मधल्याची शाखा मिळून एक. पाच हिस्से. शाखेच्या एका हिश्श्याचे पुन्हा तीन, म्हणजे प्रत्येकी एक पंधरांश. घरातल्या घरात हे एका वाक्यात सांगता येते आणि धाकट्या दिराने भावजयीला तसेच सांगितले असते : ‘वहिनी, मधल्या अण्णांचा एक वाटा. त्यात तुम्ही तिघं.’

जमिनीचे ४२,००,००० असे होतात :

आई ८,४०,०००
थोरला मुलगा ८,४०,०००
धाकटा मुलगा ८,४०,०००
मुलगी ८,४०,०००
मधल्याची पत्नी २,८०,०००
मधल्याचा मुलगा २,८०,०००
मधल्याची मुलगी २,८०,०००

झाडे-पाइपलाइनचे ३,५०,००० सर्वांच्या संमतीने धाकट्याकडे, म्हणजे त्याचे ११,९०,०००. एकूण पुन्हा ४५,५०,०००.

लिपिकाच्या तक्त्याशी ताडून पाहा. मधल्याच्या शाखेला १९,५०,००० लागले होते, हक्काचे ८,४०,०००. जास्त गेले ११,१०,०००. ते आले कुठून, तर धाकट्याचे ५,४०,००० आणि आई, थोरला, मुलगी यांचे प्रत्येकी १,९०,०००. बेरीज दोन्ही तक्त्यांत सारखीच आहे. अशा चुकीत हाच धोका : एकूण जुळते, तपासणारा खाली सही करतो.

इंग्रजी कायद्याच्या भाषेत या दोन पद्धतींना लॅटिन नावे आहेत. डोकी मोजून वाटले तर ‘पर कॅपिटा’, शाखेनुसार वाटले तर ‘पर स्टर्पीझ’. मराठीत ‘डोईगणिक’ आणि ‘शाखेनुसार’. ‘अपोर्शन’ हे क्रियापद यांपैकी कोणतीही एक बाजू घेत नाही. ते फक्त विचारते, आधार कोणता? समान वाटणीही ‘अपोर्शन’ असू शकते, पण मग ‘इक्वली’ लिहावे लागते. न लिहिलेले ‘समान’ त्यात भरायचे नसते.

एका उपसर्गाचे २,१०,००० रुपये

कलमात मधल्या मुलासाठी शब्द आहे ‘प्री-डिसीज्ड सन’. कागदपत्रांत त्याचे ‘मयत मुलगा’ होते. ‘प्री’ गळतो, आणि इथे तो पैशात मोजता येतो.

समजा, मधला मुलगा वडिलांच्या नंतर सहा महिन्यांनी वारला असता. तर वडील गेले त्या क्षणी तो हयात होता, त्याचा एक पंचमांश त्याच्या नावे ठरला, आणि नंतर तो त्याच्या स्वतःच्या वारसांकडे गेला. त्याच्या वारसांत पत्नी, मुलगा, मुलगी आहेतच; पण आईसुद्धा पहिल्या वर्गाची वारस आहे. म्हणजे एक पंचमांशाचे चार भाग, प्रत्येकी एक विसांश. आईचे एक पंचमांश अधिक एक विसांश, म्हणजे एकूण एक चतुर्थांश. रकमेत आईला १०,५०,००० आणि मधल्याच्या कुटुंबातील तिघांना प्रत्येकी २,१०,०००. शाखेचे ८,४०,००० वरून ६,३०,००० झाले. २,१०,००० आईकडे सरकले.

नावे तीच, नाती तीच, सातबारा तोच. बदलला फक्त मृत्यूच्या तारखांचा क्रम. म्हणून भाषांतरात ‘वडिलांच्या आधी वारलेला मुलगा’ असेच लांबलचक लिहावे, आणि वंशावळीत प्रत्येक मयताच्या नावापुढे तारीख घालावी. जमीन वडिलोपार्जित असेल तर गणितच वेगळे. सहदायकांचा (वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतःच हक्क असलेल्यांचा) हक्क आणि मुलींनाही तो देणारी २००५ ची दुरुस्ती आधी पाहावी लागते. इथला पाच हिश्श्यांचा हिशेब तिथे चिकटवू नये.

झाडांचे पैसे ‘अपोर्शन’ झाले का?

बारकाईने पाहिले तर नाही. पूर्ण रक्कम एकाच माणसाची ठरली. विभागायला काही उरलेच नाही. इंग्रजीत यासाठी ‘अ‍ॅलोकेट’ चालतो आणि परिव्यय लेखांकनाने (कॉस्ट अकाउंटिंगने) हा भेद फार नीट पाळला आहे. एखादा खर्च पूर्णपणे एकाच विभागाचा असेल तर तो त्या विभागाला ‘अ‍ॅलोकेट’ करतात. खर्च सामाईक असेल तर तो एखाद्या न्याय्य आधारावर अनेक विभागांत ‘अपोर्शन’ करतात. कारखान्याचे भाडे ६०,००० आणि तीन विभागांची जागा १,५००, १,००० व ५०० चौरस फूट असेल तर ३०,०००, २०,००० आणि १०,०००. भाड्याला आधार जागेचा, उपाहारगृहाच्या खर्चाला माणसांचा, यंत्रांच्या घसाऱ्याला यंत्रांच्या किमतीचा. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी हे पाठ करतो आणि पुढे नोकरीत दोन्हींना ‘वाटप’ म्हणतो.

घरच्या हिशेबात हा भेद न पाळल्यामुळे आणखी एक चूक झाली. लिपिकाने दोन्ही रकमा आधी एकत्र केल्या आणि मग भागाकार केला. क्रम उलटा हवा. कोणाचे निर्विवाद एकट्याचे आहे ते आधी बाजूला काढायचे, उरलेले सामाईक मग प्रमाणात विभागायचे. दिलासा रक्कम ज्या बाबीवर मिळाली तिच्याच मागे जाते. झाडांचा दिलासा जमिनीच्या पैशात मिसळू नये.

बाकीच्या शेजाऱ्यांची ओळख थोडक्यात. ‘डिव्हाइड’ वस्तूकडे पाहते : तुकडे किती झाले. त्याच्यापुढे ‘इंटू’ येतो, ‘डिव्हाइड इंटू फाइव्ह पार्ट्स’. ‘अपोर्शन इंटू’ असे म्हणत नाहीत. ‘अपोर्शन अमंग’ किंवा ‘बिट्वीन’, आणि दोष किंवा खर्च असेल तर ‘टु’ही. ‘अलॉट’ घेणाऱ्याकडे पाहते : याच्या नावे एवढे. हे दोन्ही शब्द राज्यघटनेच्या अनुच्छेद ८१ मध्ये लागोपाठ भेटतात. आधी प्रत्येक राज्याला लोकसंख्येच्या प्रमाणात लोकसभेच्या जागा ‘अलॉट’ करायच्या, मग राज्य मतदारसंघांत ‘डिव्हाइड’ करायचे. महाराष्ट्राला ४८ जागा मिळाल्या आणि महाराष्ट्राचे ४८ मतदारसंघ झाले. मराठीत दोन्ही ठिकाणी ‘विभागणी’ लिहून चालणार नाही. ‘पार्टिशन’ ही कुटुंबातली किंवा देशाची वाटणी, ‘डिस्ट्रिब्यूट’ म्हणजे पोहोचते करणे, वाटप. ‘स्प्लिट’ बोलण्यातला, हॉटेलच्या बिलाचा.

‘अपोर्शन’चा सर्वांत प्रसिद्ध वापर अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात आहे. प्रतिनिधी आणि प्रत्यक्ष कर राज्यांमध्ये ‘शॅल बी अपोर्शन्ड अमंग द सेव्हरल स्टेट्स... अकॉर्डिंग टु देअर रिस्पेक्टिव्ह नंबर्स’. आपल्या निवाड्यातले वाक्य याच साच्याचे आहे, ‘रिस्पेक्टिव्ह’सकट. आपल्याकडे कृष्णेच्या पाण्याला हाच शब्द लागतो. त्या पाण्याच्या वादासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने ७५ टक्के विश्वासार्हतेचे (शंभरपैकी पंचाहत्तर वर्षे मिळेल असे) २,०६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी महाराष्ट्र ५६०, कर्नाटक ७०० आणि आंध्र प्रदेश ८०० असे विभागले. या प्रकारच्या निर्णयाला ‘इक्विटेबल अपोर्शनमेंट’ म्हणतात. ‘समन्यायी’ आणि ‘समान’ यांतला फरक त्या तीन आकड्यांत दिसतोच. अपघाताच्या दाव्यातही तेच : दोन चालकांत दोष ७० आणि ३० टक्के असा ‘अपोर्शन’ होतो. मराठीत तिथे ‘दोष वाटला’ म्हटले तर कानाला खटकते. ‘कोणाकडे किती दोष हे ठरवले’ असे सरळ लिहावे.

उच्चार ‘अपॉर्शन’च्या जवळचा, जोर दुसऱ्या अवयवावर. ऐकताना तो ‘अ पोर्शन’, म्हणजे ‘एक भाग’, यासारखाच लागतो. श्रुतलेखनात म्हणूनच चुकतो. स्पेलिंगमध्ये ‘पी’ दोनदा.

दुरुस्ती कशी करायची

वेळ महत्त्वाची. पैसे खात्यांत जाण्याआधी लेखी हरकत दिली तर काम कागदावरच निभावते. हरकतीत ‘वाटप अन्यायकारक आहे’ असे मोघम लिहिण्यात अर्थ नाही. मूळ इंग्रजी वाक्य, त्याचे मराठी भाषांतर आणि दोन्हींतील फरक समोरासमोर मांडावा. मागे वंशावळ, मृत्यूचे दाखले, खरेदीखताची प्रत आणि हिश्श्यांचा तक्ता जोडावा. तक्त्यात रकमेआधी अपूर्णांक लिहावा, एक पंचमांश किंवा एक पंधरांश. रक्कम पुढे वाढली, व्याज आले, तरी अपूर्णांक तोच राहतो आणि पुन्हा भांडण लागत नाही.

सगळे सहमत असतील तर विभागणीचा तपशील निवाड्यात नमूद करून घ्यावा. कलम ७५ प्रमाणे सहमत झालेल्या व्यक्तींच्या आपसांत तो तपशील बरोबर असल्याचा निर्णायक पुरावा ठरतो. म्हणून सही करण्याआधी दहा वेळा वाचावा. वारसांत कोणी अज्ञान (अठरा वर्षांखालील) असेल तर नुसत्या घरगुती संमतीवर विसंबू नये.

सहमती नसेल तर जिल्हाधिकारी वाद कलम ७६ खाली प्राधिकरणाकडे पाठवू शकतात आणि कलम ७७ प्रमाणे रक्कम तिथे जमा होते. निवाडाच मान्य नसेल, त्यातल्या विभागणीसह, तर कलम ६४ चा अर्ज आहे. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्यांना निवाड्यापासून सहा आठवडे. इतरांना नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांतले जे आधी संपेल ते. ही मुदत ‘घरात बोलू, मग बघू’ म्हणता म्हणता निघून जाते. रस्ता राष्ट्रीय महामार्गाचा असेल तर १९५६ च्या महामार्ग कायद्याचे कलम ३-एच लागते, आणि तिथे विभागणीचा वाद मूळ अधिकारितेच्या प्रमुख दिवाणी न्यायालयाकडे जातो. रक्कम किती यावरचा वाद लवादाकडे आणि कोणाला किती यावरचा न्यायालयाकडे, असे दोन वेगळे दरवाजे आहेत. ‘वाटपाबाबत तक्रार’ अशा मथळ्याखाली दोन्ही एकत्र लिहिले की अर्ज चुकीच्या दारात पडतो.

पैसे चुकून जास्त गेले असतील तरी ते मुरत नाहीत. भरपाई घेणाऱ्याने खऱ्या हक्कदाराला ती द्यायची जबाबदारी कलम ७७ मध्येच शाबूत ठेवली आहे. पण मिळालेल्या पैशातून ट्रॅक्टर घेतल्यावर भावजयीकडे ते मागणे म्हणजे दिवाणी दावा आणि तुटलेले घर.

एक किरकोळ पण त्रासदायक गोष्ट, पूर्णांकाची. आपली ४२,००,००० ची रक्कम बरोब्बर भागली. ४२,००,१०० असती तर पंचमांश ८,४०,०२० आणि त्याचा तिसरा भाग २,८०,००६.६७. तिघांना प्रत्येकी २,८०,००७ लिहिले की शाखेची बेरीज ८,४०,०२१, म्हणजे एक रुपया जास्त, आणि कोषागारातून देयक परत. दोघांना २,८०,००७ आणि एकाला २,८०,००६ लावावेत आणि तो एक कोण ते तक्त्याखाली लिहावे. ‘अपोर्शन’मध्ये भागांची बेरीज मूळ रकमेइतकीच यावी लागते, पै न् पै. अमेरिकेत प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागांचेही दर जनगणनेनंतर हेच दुखणे : जागा अर्धी देता येत नाही. म्हणून अपूर्णांक कोणाकडे वळवायचा याची गणिती पद्धत १९४१ च्या कायद्याने ठरवून टाकली आहे.

उलट्या दिशेचा कागद

मुलीने इंग्रजीत एक संमतीपत्र दिले होते. मनातले वाक्य असे : ‘भावांनी आणि मी ठरवलेल्या हिश्श्यांना माझी हरकत नाही.’ टंकलेखकाने कागदावर उतरवले : ‘आय हॅव नो ऑब्जेक्शन टु द डिस्ट्रिब्यूशन ऑफ कॉम्पेन्सेशन.’ ‘डिस्ट्रिब्यूशन’ म्हणजे वाटप. कोणते, ते लिहिलेले नाही. सात ओळींचा तक्ता कार्यालयात तयार होता आणि हे पत्र त्यालाच जोडले गेले. १,९०,००० रुपयांवर पाणी सोडल्याचा कागद तिने स्वतःच्या सहीने दिल्यासारखे झाले.

दुरुस्त पत्रात ‘अपोर्शनमेंट’ हवे, आणि ते हवेत राहू नये म्हणून त्याला तक्त्याची खुंटी हवी : ‘आय अ‍ॅग्री टु द अपोर्शनमेंट सेट आउट इन द अ‍ॅनेक्स्ड स्टेटमेंट, अंडर विच माय शेअर ऑफ द लँड कॉम्पेन्सेशन इज वन-फिफ्थ.’ जोडलेल्या तक्त्याच्या प्रत्येक पानावर सातही जणांच्या सह्या.

निवाड्याच्या वाक्याचे मराठी असे करता येते : ‘नुकसानभरपाईत ज्यांचा हक्क आहे त्यांच्यापैकी कोणाचा हिस्सा किती, हे ज्याच्या त्याच्या हक्काच्या प्रमाणात ठरवून रक्कम त्याप्रमाणे विभागावी.’ आधीच्या मराठी भाषांतराच्या दुपटीहून लांब आहे. हे वाक्य वाचणाऱ्या लिपिकाला नावे मोजून थांबता येत नाही; त्याला वंशावळ मागवावीच लागते.